रविवारची तहान

डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या आठवड्यात सर्वांत अवघड दिवस रविवार असतो, असे सांगितले की ऐकणाऱ्याला नवल वाटते. डायलिसिस आठवड्यातून तीनदा आणि प्रत्येक वेळी साधारण चार तास असते. कोणाची पाळी सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी, तर कोणाची मंगळवार, गुरुवार, शनिवार अशी. रविवारी बहुतेक केंद्रे बंद असतात. त्यामुळे एरवी एका दिवसाचा असणारा खंड आठवड्यातून एकदा दोन दिवसांचा होतो, आणि ज्या शरीरातील मूत्रपिंडांनी काम सोडले आहे त्या शरीरात तेवढ्या अवधीत पाणी साठत जाते, पोटॅशियम वाढते, पायांवर सूज येते, आडवे झाले की धाप लागते. हृदयावरचा धोका या लांबलेल्या खंडाच्या अखेरीस सर्वांत जास्त असतो, असे वैद्यकीय अभ्यासांतून दिसून आलेले आहे. माझ्या यजमानांची पाळी सोमवार, बुधवार, शुक्रवारची. आम्ही मराठी ख्रिस्ती. म्हणजे ज्या दिवसाला आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विसाव्याचा दिवस म्हणत आले, तोच दिवस गेली काही वर्षे आमच्याकडे सर्वांत जास्त तहानेचा आणि सर्वांत जास्त भीतीचा असतो.

याविषयी लिहावेसे वाटते, कारण विश्वासातून मिळणाऱ्या विसाव्याबद्दल जे बोलले जाते ते बहुधा फार गुळगुळीत असते. एखाद्या तळ्यावरचा सूर्योदय, त्याखाली शास्त्रातले एक वचन, आणि सकाळी साडेसहाला ते मोबाईलवर पाठवणारे कोणीतरी प्रेमळ नातेवाईक. त्या वचनांत काही खोटे नसते. पण ज्या माणसाने ते वचन पहिल्यांदा उच्चारले त्याच्या पायांखाली काय पेटले होते, हे त्या चित्रात कुठे दिसत नाही.

आम्ही ऐरोलीला राहतो आणि उपासनेला ठाण्याला जातो. सकाळी एका बाटलीत यजमानांचे दिवसभराचे पाणी मोजून ठेवायचे. त्यात चहा, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचा घोट, असे सगळे धरायचे. खाडीकाठच्या दमट हवेत, मे महिन्यात, हे पाळणे म्हणजे काय ते ज्याने पाळले त्यालाच कळेल. घसा फारच सुकला तर बर्फाचा एक खडा तोंडात धरायचा आणि तोही हिशेबात लिहायचा. सोमवारी केंद्रात गेल्यावर आधी वजन होते, दोन पाळ्यांच्या मधे वजन किती किलो वाढले यावरून यंत्राने किती पाणी काढायचे ते ठरते, आणि फार काढावे लागले की रक्तदाब उतरतो, पिंडऱ्यांत गोळे येतात, माणूस घरी येतो तो पिळून निघाल्यासारखा. म्हणून तहान सोसणे हीच रविवारची मुख्य साधना होऊन बसते.

अशाच एका रविवारी उपासनेत बायबलमधले तेविसावे स्तोत्र वाचले गेले. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे स्तोत्र मराठी ख्रिस्ती घरातील मुलाला शाळेत जाण्याआधी पाठ होते. बारशाला, लग्नात, दफनाच्या वेळी, सगळीकडे तेच. वाचणारी मुलगी ‘तो मला संथ पाण्यावर नेतो’ या ओळीपाशी आली, तेव्हा यजमान माझ्याकडे किंचित झुकून म्हणाले, “नेतो खरा. पण पिऊ देत नाही.” मला हसू आवरेना. पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिले. त्या दिवशी मला जो हलकेपणा वाटला तो त्याआधीच्या कित्येक महिन्यांच्या गंभीर प्रार्थनांनी दिला नव्हता, आणि त्याचे कारण मला नंतर हळूहळू उमगत गेले: देवासमोर बसून देवाबद्दल अशी तक्रार करता येते, आणि छप्पर कोसळत नाही.

आमच्या भोवतीच्या काही लोकांना मात्र ते कोसळेल असे वाटत असावे. आजार कळल्यानंतर जी माणसे भेटायला आली त्यांच्यापैकी काहींनी देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो असे सांगितले, काहींनी आमच्या घरात काही पाप राहून गेले आहे का याचा शोध घ्यायला सुचवले, आणि एका गृहस्थांनी कोण्या प्रार्थनासभेत कोणाची तरी मूत्रपिंडे पूर्ववत झाल्याची चित्रफीत दाखवून, पुरेसा विश्वास असेल तर यंत्राची गरज उरणार नाही, असे ठामपणे म्हटले. या शेवटच्या सल्ल्याबद्दल मी सौम्यपणे लिहू शकत नाही. ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत त्याने अशा बोलण्यावर विसंबून डायलिसिस सोडले, तर थोड्याच दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो. प्रार्थना आणि औषध यांपैकी एक निवडा, असे पवित्र शास्त्र सांगत नाही. हिज्कीया राजा मरणपंथाला लागला तेव्हा यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला पोटासाठी आणि वरचेवर होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिले. ज्या पौलाच्या हातून आजारी माणसे बरी झाली, त्याच पौलाने स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली आणि तो काटा निघाला नाही. उत्तर मिळाले ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच. यजमानांचे म्हणणे असे की, पौल तीन वेळांवर थांबला हा त्याचा मोठेपणा, आपल्याला तशी मर्यादा कोणी घातलेली नाही.

सांत्वन करणाऱ्यांविषयी बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाइतके परखड मी काही वाचलेले नाही. ईयोबाचे सर्वस्व गेल्यावर त्याचे तिघे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोलला नाही. तिथवर ते उत्तम मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडले, आणि पुढची कितीतरी पाने ते देवाची बाजू घेऊन बोलत राहिले. त्यांची एकेक वाक्ये सुटी काढली तर ती भिंतीवर लावण्याजोगी आहेत. पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो मात्र या मित्रांवर, देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. आजाऱ्याच्या घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाने हा शेवटचा अध्याय एकदा वाचावा, असे मला फार वाटते.

विसावा म्हणजे उत्तर मिळणे, असे मी पूर्वी धरून चालत असे. का, कशासाठी, आम्हालाच का, हे कळले की मन निवेल अशी कल्पना होती. आता ज्या कथेकडे मी पुन्हा पुन्हा जाते तिच्यात उत्तर नाही. बायबलमधल्या ‘पहिले राजे’ नावाच्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात, एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने जीव मुठीत धरून पळतो, रानात दिवसभर चालतो, रतामाच्या एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो की आता पुरे झाले, माझा प्राण घे. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला हा माणूस. त्याला आता एखादे प्रवचन ऐकावे लागणार, विश्वासात उणा पडल्याबद्दल चार शब्द ऐकावे लागणार, असे आपल्याला वाटते. तो झोपी जातो. देवदूत येऊन त्याला स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खायला सांगतो, कारण पुढची वाट लांबची आहे. बस, एवढेच. होरेब डोंगरावर जाऊन पोहोचल्यानंतर, म्हणजे झोप झाल्यावर, पोट भरल्यावर, पाय चालते झाल्यावर, कुठे देव त्याला विचारतो की एलीया, तू येथे काय करतोस.

देवदूताच्या बोलण्यात त्या मरणाच्या इच्छेचा साधा उल्लेखही नाही. तो एलीयाला समजावत नाही, खोडून काढत नाही, लाजवत नाही. आधी शरीर. हा क्रम मला पवित्र शास्त्रातल्या सर्वांत दयाळू गोष्टींपैकी एक वाटतो, आणि आमच्या घरात जे काही निभावले गेले ते याच क्रमाने निभावले गेले.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, स्त्रीमंडळात एक काकू आहेत. आजाराची बातमी पसरली तेव्हा प्रेमाने येणारे बरेच जण येताना शहाळी आणि केळी घेऊन येत, आणि मला ती सगळी शेजारी वाटून टाकावी लागत, कारण दोन्हींत पोटॅशियम भरपूर असते आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके ते बिघडवू शकते. या काकू हात हलवत आल्या. त्यांनी आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद मागितला, चष्मा लावून तो पूर्ण वाचला, काय चालत नाही ते वहीत उतरवून घेतले आणि दुसऱ्या आठवड्यापासून दर सोमवारी डबा येऊ लागला. बटाटा चिरून, भरपूर पाण्यात उकडून, ते पाणी ओतून देऊन मग केलेली भाजी, मीठ बेताचे, टोमॅटो नाही, पालक नाही. डब्याबरोबर त्यांनी एकदाही वचनाची चिठ्ठी पाठवली नाही. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “वचन तुझ्याकडे आहे की घरी. भाजी नव्हती.”

माझ्या स्वतःच्या विसाव्याचा प्रश्न उरला होता. आजाऱ्याला सांभाळणाऱ्याची झोप ही फार चोरटी गोष्ट असते. रविवारी रात्री यजमानांच्या श्वासाचा आवाज बदलतो का, हे ऐकत मी जागी राहत असे. डोळा लागला तर दचकून उठत असे, जणू मी झोपले म्हणूनच काहीतरी होईल. एकशेएकविसाव्या स्तोत्रात म्हटले आहे की इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही आणि झोपही घेत नाही. लहानपणापासून मी हे देवाच्या सामर्थ्याचे वर्णन म्हणून म्हणत आले होते. त्या रात्रींत त्याचा अर्थ अगदी घरगुती होऊन समोर आला: कोणीतरी जागे आहे, तर मग तू झोप. आणि शुभवर्तमानातले ते वादळ. नाव लाटांनी भरत चालली आहे, शिष्य घाबरले आहेत, आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला आहे. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्काने उशीचा उल्लेख मुद्दाम का केला असेल कोण जाणे, पण त्या उशीवर माझा फार जीव आहे. देवाच्या पुत्राला दिवसभर लोकांशी बोलून थकवा आला होता आणि त्याने तो लपवला नाही.

अर्थात, नुसत्या वचनाने डोळा लागत नाही. मंडळीतील एक निवृत्त परिचारिका काही रविवारी रात्री आमच्या हॉलमध्ये येऊन बसू लागल्या आणि मला आतल्या खोलीत पाठवू लागल्या. रक्षक झोपत नाही म्हणजे नेमके काय, ते मला त्यांच्या विणकामाच्या सुयांच्या आवाजात कळले.

इथे शब्बाथाविषयी, म्हणजे आठवड्यातल्या विसाव्याच्या दिवसाविषयी, थोडे सांगायला हवे, कारण विसाव्याची आज्ञा ही दहा आज्ञांपैकी एक आहे, खुनाच्या आणि चोरीच्या मनाईच्या पंक्तीला बसणारी, आणि आपण तिला फावल्या वेळेचा सल्ला समजतो. बायबलमधल्या ‘निर्गम’ नावाच्या पुस्तकात तिचे कारण दिले आहे ते देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला हे. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात हीच आज्ञा पुन्हा येते, आणि तिथे कारण वेगळे आहे: तू मिसरात दास होतास हे आठव. तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझे गाढव, तुझ्या गावात राहणारा उपरा, यांनाही विसावा मिळाला पाहिजे. ज्यांच्या श्रमाला कधी सुट्टी नव्हती त्यांच्या आठवणीतून ही आज्ञा आली. आमच्या भागातल्या माणसांना हे वेगळे समजावून द्यायची गरज नसावी. ठाण्यात 1848 साली जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक कार्यकर्ते. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना आठवड्याची एक सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे झगडून 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळवली. ते ख्रिस्ती नव्हते, आणि रविवार मागताना त्यांच्यासमोर होता तो खंडोबाचा वार. तरी ‘अनुवाद’ पुस्तकातल्या त्या ओळींचा अर्थ त्यांनी जितका प्रत्यक्षात आणला तितका किती पाळकांनी आणला असेल, असा विचार माझ्या मनात येतोच. श्रमणाऱ्या शरीराला थांबण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क कमावावा लागत नाही.

तरी आपल्याकडे रविवार म्हटले की मेगाब्लॉक आठवतो. ट्रान्स हार्बर रेल्वेमार्गावर ब्लॉक असला की उपासनेला पोहोचायची आमची तारांबळ उडते, रिक्षा शोधावी लागते, यजमानांना धाप लागते. पण गाड्या थांबवल्याशिवाय रुळांची दुरुस्ती करता येत नाही, एवढे रेल्वेला कळते. आठवडाभर धावणाऱ्या आपल्यासारख्यांना तेवढेही पटत नाही.

प्रार्थनेबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. फार थकव्याच्या काळात मला प्रार्थना करता येत नसे. शब्द येत, पण त्यांत मी नसे. अशा वेळी मार्काच्या दुसऱ्या अध्यायातला कफर्णहूमचा पक्षाघाती माणूस माझ्या मदतीला आला. त्याला चौघांनी उचलून आणले, गर्दीमुळे आत जाता येईना तेव्हा छप्पर उसकटले आणि त्याची बाज खाली सोडली. येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला, असे तिथे लिहिले आहे. बाजेवरच्या माणसाने काय केले, काय म्हटले, त्याचा स्वतःचा विश्वास होता की नव्हता, याबद्दल एक अक्षर नाही. चौघांनी चार कोपरे धरले होते, तेवढे पुरले. रविवारी इतरांसाठी केल्या जाणाऱ्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत यजमानांचे नाव घेतले जाते तेव्हा मी डोळे मिटून नुसती बसते. माझा वाटा त्या दिवशी दुसरे कोणीतरी उचलत असते. पुढे कधी मी त्यांचा उचलेन.

केंद्रात मात्र प्रार्थनेचे रूप निराळे असते. तिथल्या खाटा एकमेकींना लागून आहेत. यजमानांच्या शेजारी कळव्याचे एक वारकरी गृहस्थ असतात, त्यांची आणि यांची पाळी एकच. दोन सुया हातात, रक्त नळीतून यंत्रात जाऊन परत येते आहे, चार तास त्या हाताची हालचाल करायची नाही, अशा अवस्थेत माणूस किती वेळ छताकडे पाहणार? यजमान गुणगुणतात. आमच्या मंडळ्यांत ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गीते अभंगाच्या चालींवर गायली जातात, आणि ती चाल कानांवर पडली की शेजारच्या खाटेवरून दुसऱ्या हाताने ठेका सुरू होतो. त्यांचे शब्द वेगळे, यांचे वेगळे. टेक्निशियन मुलगा कधी कधी आवाज कमी करायला सांगतो.

‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन’ हे येशूचे वाक्य सर्वांना ठाऊक असते. त्याच्या पुढच्याच वाक्यात तो जू खांद्यावर घ्यायला सांगतो, हे आम्ही सोयीने विसरतो. विसावा मागायला आलेल्याच्या हाती काम ठेवणारा हा कसला देव, असे वाटण्याजोगेच ते आहे. यावर विचार करताना मला पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांत पती गेले, आणि उतारवयात, जुलै 1921 मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलच्या मराठी भाषांतराचे काम तेव्हा चालू होते. रमाबाई ते करीत राहिल्या. एप्रिल 1922 मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि 1924 साली ते भाषांतर छापून बाहेर आले. मुलीच्या मृत्यूनंतरच्या त्या महिन्यांत त्यांना काय वाटले असेल ते मी सांगू शकत नाही. मात्र दर सोमवारी पहाटे उठून डबा, कागद, चादर, फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेल्या, हातासाठी सैल बाहीचा सदरा, हे सगळे पिशवीत भरताना मला त्या काळातल्या रमाबाई आपल्या वाटतात. ठरलेले काम माणसाला धरून ठेवते. खांद्यावर काहीच नसते तर मी कुठे जाऊन पडले असते, कोण जाणे.

मागच्या खेपेला उपकारस्तुतीच्या उपासनेत पाळकसाहेबांनी यजमानांना साक्ष द्यायला सांगितले. अशा साक्षींचा एक ठरलेला ओघ असतो: संकट आले, प्रार्थना केली, प्रभूने सोडवले. यजमान उभे राहिले आणि त्यांनी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचायला घेतले. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी तक्रारीची आणि विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत, पण त्यांतली बहुतेक शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. ते अंधारातच संपते. सभागृहात चुळबुळ झाली. खाली बसण्यापूर्वी यजमान म्हणाले, “हे रचणारा माणूस शेवटच्या ओळीपर्यंत देवाशीच बोलत होता, दुसऱ्या कोणाशी नाही. माझेही तेवढेच आहे. उद्या सोमवार, सकाळची पाळी आहे, आठवण ठेवा.”

उपासनेनंतर कमिटीतील एक ज्येष्ठ सभासद आमच्याकडे आले. उपकारस्तुतीच्या दिवशी हे स्तोत्र नको होते, नव्या लोकांपुढे चुकीचा संदेश जातो, असे त्यांनी पुष्कळ आदराने सांगितले. “साहेब, शास्त्रातलेच आहे,” यजमान म्हणाले, “मी काही घरून आणलेले नाही.” वाद चहापर्यंत चालला. पाळकसाहेब मधे पडले नाहीत, त्यांनी बिस्किटांची बशी तेवढी पुढे केली. डबा देणाऱ्या काकूंनी यजमानांपुढे मोजून अर्धा कप ठेवला आणि त्या ज्येष्ठांकडे वळून म्हणाल्या, “पुढच्या वर्षी साक्ष तुम्ही द्या. तुमच्या गुडघ्यांबद्दल बोला, किती वर्षे प्रार्थना चालली आहे ती.”